सवाष्णीचं ताट

॥ श्री ॥

भोर,
दि. ६ जुलै २०२५

ती. बाबा यांस,
दामिनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र उघडल्याबरोबर तुम्ही चष्मा पुसाल आणि म्हणाल, पंचायत समितीत पंधरा वर्षं आवक-जावक करूनही पोरीचं अक्षर काही सुधारलं नाही. फोनच करणार होते. पण तुमचं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, मग मी ओरडते, आणि अर्ध्या गल्लीला माझ्या घरातली बातमी कळते. ही बातमी गल्लीला कळायला नको आहे. म्हणून पत्र लिहून यांच्याकडे देते. कापूरहोळला दुकान उघडायला जातील तेव्हा तुमच्या शेजारच्या गेनबाच्या दुधाच्या टेम्पोत ठेवतील.

बाबा, मी तुमच्याशी खोटं बोलले. ऑपरेशन पित्ताच्या खड्यांचं नव्हतं, वजन कमी करण्याचं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी पोटाला पाच भोकं पाडून दुर्बिणीतून माझं जठर कापलं. चारातले तीन हिस्से काढून टाकले. राहिली आहे ती एक नळी, वेलची केळ्याएवढी. शुद्धीवर आल्यावर मी नर्सबाईंना विचारलं की कापलेलं कुठं टाकता. त्या हसल्या. मला मात्र ते बादलीतलं दिसत राहिलं आणि फार किळस आली.

तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही करू दिलं नसतं. एकशे अठरा किलो झाले होते मी. साखर वाढलेली, कचेरीचा जिना दोनदा थांबून चढायची. आईच्या वर्षश्राद्धाला तुमच्याकडे आले होते तेव्हा मी सात पुरणपोळ्या खाल्ल्या. तुम्हाला कौतुक वाटलं. मला भूक नव्हती, बाबा. आईची जागा रिकामी दिसत होती आणि मी खात होते. परतताना गाडीचा पट्टा पोटावरून लागेना. कापूरहोळपर्यंत कुंडलिकरावांनी तो एका हातानं धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं गाडी चालवली. ऑपरेशनचं मीच ठरवलं.

सध्या पंधरा दिवस फक्त पातळ. मुगाच्या डाळीचं वरचं पाणी, ताक, आणि एक पावडर, जिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. एका वेळी तीन-चार चमचे. पाचवा घेतला की छातीत दगड अडकतो आणि तोंडातून नुसता फेस येतो. स्वतःचा फेस पुसताना स्वतःचीच शिसारी येते. आणि गंमत अशी की भूक लागतच नाही, तरी खावंसं वाटतं. ते कुठून येतं कोण जाणे.

गल्लीत मी हक्काची सवाष्ण होते. श्रावणातला शुक्रवार असो की कुणाचा कुळाचार, पहिलं बोलावणं मला, कारण मी कुणाला नाही म्हणायची नाही आणि पानात काही टाकायची नाही. आता काय सांगू बायकांना?

रागावू नका. रागावलात तरी दोन ओळी लिहा. तुमच्या रागावर जीव आहे, अबोल्यावर नाही.

आपली,
दामिनी

*

॥ श्री ॥

वेल्हे,
दि. ११ जुलै २०२५

चि. सौ. दामिनीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. अक्षर खरोखर वाईट आहे, पण मजकूर त्याहून वाईट.

काय केलंस हे? दुखणारा दात काढतात, सडलेलं बोट काढतात. चांगलं धडधाकट जठर कापून बादलीत टाकायचं? मला वाचून ओकारी आली. छत्तीस वर्षं मी पोरांना पचनसंस्था शिकवली. फळ्यावर जठर काढायचो, पखालीसारखं. आता माझ्या मुलीचं केळं झालं म्हणतेस. जगात लोकांना खायला मिळत नाही आणि तू मिळालेलं पोट टाकून आलीस. तुझी आई असती तर डोकं आपटून घेतलं असतं तिनं. तिला तुझं भरलेलं अंग आवडायचं. पोर खाते-पिते दिसते, म्हणायची.

गेनबाला सांगावं लागलं, कारण पत्र वाचून मी ओट्यावर बसलो ते उठवेना. त्याचं म्हणणं, चांगली धष्टपुष्ट बाई, तिला कशाला कापली, ती काय किडकं वांगं हाय व्हय! त्याची सून सोनियाही तिथंच होती. तिनं फक्त विचारलं, ताईंना लई दुखलं का. पोरगी बरी आहे. माझा सैपाक तिच्याच देखरेखीखाली चालतो.

असो. झालं ते झालं. तू लिहितेस, पातळच चालतं. डाळीच्या पाण्यावर माणूस जगतो का? म्हणून मी स्वतः बासुंदी आटवली आहे. गेनबाच्या म्हशीचं पाच लिटर दूध, सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत ढवळत बसलो होतो. तुझी आई घालायची तसं जायफळ घातलंय. मुद्दाम पातळ ठेवली आहे, चारोळ्या आणि काजू वाटून गाळून घेतले, म्हणजे डॉक्टरांच्या शब्दाबाहेर काही नाही. स्टीलच्या किटलीतून टेम्पोनं पाठवतो आहे. तीन-तीन चमचे घे. पुढच्या आठवड्यात तांदळाची खीर पाठवेन, तीही पातळच असते.

किटली परत पाठव. आईची आहे. राग आहेच, पण तो या पानावर संपला असं समज.

तुझा,
बाबा

*

॥ श्री ॥

भोर,
दि. २० जुलै २०२५

ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

किटली धुऊन टेम्पोत दिली आहे. तीनदा धुतली. तरी झाकण उघडलं की मला जायफळाचा वास येतो आणि मी ते लगेच लावून टाकते.

खरं लिहू का? तीन-तीन चमचे घेतलीच नाही. रविवारी हे दुकानात गेले होते, मी एकटी होते. झाकण उघडलं आणि आई घरात आल्यासारखं झालं. ओट्याशी उभी राहून किटलीलाच तोंड लावलं. पातळ असल्यामुळे अडकली नाही, घसरत गेली. अर्धी संपेपर्यंत मला कळलंही नाही. आणि मग दहा मिनिटांत सगळं अंग घामानं चिंब, छाती धडधडते आहे, हातपाय गार, पोटात पिळे. मोरीत बसले. वरून खालून दोन्हीकडून गेलं. माफ करा, पण लिहायलाच हवं. कपड्यांवर, केसांवर, भिंतीवर बासुंदी. हे आले तेव्हा मी मोरीत आडवी होते. त्यांनी बादलीनं मला धुतलं, म्हैस धुतात तसं.

डॉक्टर रागावले. साखर आणि मलई या नळीतून धबधब्यासारखी आतड्यात उतरते आणि शरीर असं उलटतं म्हणाले. पातळ म्हणजे काय, ते तुम्हाला नीट सांगितलं नाही, ही माझी चूक. आपल्याकडे बासुंदीला कुणी जेवण म्हणतच नाही, ती वर ओतायची गोष्ट आहे.

त्यांच्या दवाखान्यात एक समुपदेशक बाई आहेत. त्यांनी मला वही घालून दिली आहे. काही तोंडात घालण्याआधी लिहायचं, भूक आहे का, आणि नसली तर मग काय आहे. पहिल्या आठवड्यात मी पंधरा वेळा लिहिलं, भूक नाही. पुढं काय लिहायचं ते सुचेना.

आणखी एक सांगते, हे कुंडलिकरावांनाही माहीत नाही. आता भाज्या कुस्करून खायची परवानगी आहे, पण मला लागते शेव. परवा चौपाटी चौकातून शेवेचा पुडा आणला, बाथरूमची कडी लावली, मूठ मूठ तोंडात घालून चावली आणि रद्दीच्या कागदावर थुंकली. गिळली नाही म्हणजे खाल्ली नाही, असा हिशोब. पिवळा ओला गोळा झाला, लाळेत भिजलेला. तो पुडीत बांधून घंटागाडीत टाकताना मला वाटलं, एवढं ओंगळ माणूस अख्ख्या भोरमध्ये नसेल. जठर कापता येतं बाबा, हे कुठून कापायचं?

खीर पाठवू नका. काहीही पाठवू नका. तुमचं पत्र तेवढं पाठवा, ते पचतं.

आपली,
दामिनी

*

॥ श्री ॥

वेल्हे,
दि. २६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. दामिनीस,
अ. उ. आ.

महिनाभर पत्र लिहिलं नाही. मोरीचं आणि शेवेचं वाचल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही, आणि मग दोनदा लिहायला घेतलेला कागद फाडला. मुलीनं बापाला असलं लिहावं का? लिहिलंस ते बरं केलंस असं गेनबाची सून म्हणते. तू काय लिहिलंयस ते मी तिला सांगितलं नाही, नुसतं दामिनी आजारी आहे म्हणालो. तर म्हणाली, आजारी माणसानं बोललेलंच बरं असतंय.

आता महत्त्वाचं. पितृपक्षात सोमवारी पंधरा तारखेला अविधवा नवमी आहे. तुझी आई अहेवपणी गेली. वर्षाच्या आत पक्ष करत नाहीत म्हणून गेल्या साली नुसती पणती लावली होती. ही तिची पहिली नवमी. तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची आहे आणि ती सवाष्ण तू. माझं ठरलं आहे. गुरुजींना विचारलं, लेक चालते म्हणाले.

पुरणपोळी, वडे, खीर, अळूचं फदफदं, कढी, गवार, भजी, सगळं होईल. सोनिया आणि मी करणार. तुझ्या आईला जे जे आवडायचं ते ते पानात असेल. आणि तुला ठाऊकच आहे, त्या दिवशी सवाष्ण अर्धपोटी उठली तर जिच्या नावानं जेवली तीही अर्धपोटी उठते. तुझी आई आयुष्यभर सगळ्यांच्या मागून जेवली. एक दिवस तरी तिला पोटभर मिळू दे.

तुझं ते केळं मी विसरलेलो नाही. पण एक दिवस थोडं ताणलं तर काय होणार आहे? शरीर ताणलं जातंच, रबरासारखं असतं, मीच शिकवायचो. हवं तर घरी जाऊन काढून टाक. पण पानावरून भरल्या पोटानं ऊठ. माझं एवढं ऐक. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाप दुसरं काय मागणार?

लुगडं मी तिच्या पसंतीच्या रंगाचं आणलं आहे, अंजिरी. येते म्हणून कळव, म्हणजे जीव भांड्यात पडेल.

तुझा,
बाबा

*

॥ श्री ॥

भोर,
दि. ३ सप्टेंबर २०२५

ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. घरी जाऊन काढून टाक, असं तुम्ही लिहिलंत. आईच्या नावानं जेवलेलं मी मोरीत ओकायचं, आणि त्यानं आईचं पोट भरणार? मला त्या वाक्याची किळस आली बाबा. आजवर माझीच यायची, आज पहिल्यांदा तुमची आली. लिहायला नको होतं, पण लिहिलं.

वहीत ‘मग काय आहे’ याच्यापुढं मला काही सुचत नव्हतं, आठवतं? बाईंनी विचारलं, भूक नसताना पहिल्यांदा कधी खाल्लंत ते आठवा. चार दिवस आठवत बसले. आणि आठवलं. तुम्हाला आठवतं का पाहा.

मी दुसरीत होते, म्हणजे आठ वर्षांची. आपण आंबवड्याला शाळेच्या खोल्यांत राहायचो. तुम्ही शाळेतून तापून यायचात. मीठ कमी, भाकरी करपली, काहीही पुरायचं. तुम्ही ताट सारायचात आणि उठून जायचात. कधी मागं वळून पाहिलं नाहीत. आई तिथंच बसून रडायची. तुमचं भरलेलं ताट मध्ये. अन्न टाकायचं नाही, आणि तुमच्या समोर पुन्हा ठेवायचं नाही, कारण ते पाहून तुम्ही आणखी भडकायचात. तिला ते जायचं नाही, ती रडत असायची. मग मी खायची. माझं जेवण झालेलं असायचं. तुम्ही बोटं घातलेली आमटी, तिच्यात कुस्करून सोडलेली भाकरी, गार, वर तेलाचं कातडं आलेलं. तुमच्या मिशीचा एक केस एकदा निघाला होता. मी तो काढून ठेवला आणि खाल्लं. ताट चकचकीत झालं की आई डोळे पुसायची आणि म्हणायची, माझी गुणाची गं ती. आणि हसायची. संध्याकाळी तुम्ही आलात की सगळं ठीक झालेलं असायचं. मला वाटायचं, ते मी ठीक केलंय. खाऊन.

मग तेच करत आले. सासूबाई चिडल्या, खा. कचेरीत साहेब बोलले, खा. आई गेली, सात पुरणपोळ्या. वहीत परवा मी पहिल्यांदा लिहिलं, भूक नाही, ताट सारलंय.

तर मी येईन. अंजिरी लुगडं नेसेन. आईसाठी बसेन, दुसऱ्या कुणाला बसवू नका, तो मान माझा आहे. पण माझं पोट अर्ध्या वाटीचं आहे. मी चार घास खाईन, नीट चावून, त्यातला एक पुरणाचा. आणि उठेन. ताटात उरलेलं तसंच राहील. तुम्ही आग्रह केलात, डोळ्यांत पाणी आणलंत, आईचं नाव घेतलंत तरी उठेन. आयुष्यात पहिल्यांदा भरल्या ताटावरून मी उठणार आहे आणि तुम्ही ते बघणार आहात. आई उपाशी राहते की नाही ते तिचं तिला ठरवू दे.

हे वाचून येऊ नको म्हणायचं असेल तर तसं गेनबाकडून कळवा. नाही कळवलंत तर मी पंधराला सकाळी येते. माया कमी झालेली नाही, फक्त ती ताटात वाढून घेणं आता मला जमणार नाही.

आपली,
दामिनी

*

॥ श्री ॥

वेल्हे,
दि. १६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. दामिनीस,
अनेक आशीर्वाद.

काल तू कुंडलिकरावांबरोबर गेलीस आणि मी नीट निरोपही दिला नाही. दारातूनच हात केला. तुझं तीन तारखेचं पत्र माझ्या बंडीच्या खिशात होतं. येऊ नको म्हणून कळवण्याची हिंमत नव्हती, ये म्हणण्याचीही नव्हती. तू आलीस.

अंजिरी रंग तुला शोभला. किती बारीक झालीस, मान आईची निघाली. सोनियानं ओटी भरली तेव्हा ती रडली, ते तू पाहिलंस की नाही ठाऊक नाही. मी ताट वाढलं. आधी ठरवलं होतं की कमी वाढायचं. पण हात ऐकेना, बाई. सगळं वाढलं. वड्यांवर वडे रचले. तू मान खाली घालून चार घास खाल्लेस. मी मोजले. प्रत्येक घासाला तीस-तीस वेळा चावत होतीस. मग पाणीही न पिता हात जोडलेस आणि उठलीस. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, अगं एक पोळी तरी. ओठ दाबून धरले. ते मला फार अवघड गेलं, हे लिहून ठेवतो.

तुम्ही गेल्यावर सोनिया ताट उचलायला आली. गायीला घालते म्हणाली. आणि मला ते आठवलं. आंबवड्याला मी ताट सारून जायचो तेव्हा मला वाटायचं ते गायीलाच जात असेल. शाळेमागं पाटलांची गाय होती. इतकी वर्षं माझी तीच समजूत. तुझ्या आईनं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

सोनियाला म्हणालो, राहू दे, मीच खातो. तिला काही कळेना. लेकीचं उष्टं बाप खात नाही, त्यातून सवाष्णीचं ताट, आणि तुमचं आत्ताच जेवण झालंय की, म्हणाली. खरं होतं. मी भरल्या पोटी होतो. तुझ्या पाटावर बसलो. खीर गार होऊन तिच्यावर साय धरली होती. कढी वाहत जाऊन पुरणपोळीखाली शिरली होती, पोळीचा लगदा झाला होता. अळूत भजी बुडून फुगली होती. तू मोडलेल्या घासाच्या कडेला तुझी बोटं उमटलेली होती. पहिला घास घेतला आणि गळ्याशी आला. दुसरा घेतला. पोट नको म्हणत होतं आणि मी ढकलत होतो. मध्येच एकदा तोंडावर हात ठेवून बसून राहिलो. सोनिया घाबरून गेनबाला बोलवायला गेली. गेनबा उंबऱ्यात उभा राहून विचारायला लागला, मास्तर, ह्ये काय चालवलंय, जबरदस्ती हाय का कुणाची. मी मान हलवली. तासभर लागला, पण संपवलं. ताट चकचकीत केलं. मग परसात जाऊन सगळं ओकलो. केळीच्या बुंध्याला धरून.

तोंड धुऊन आत आलो. माझी गुणाची म्हणायला घरात कुणी नव्हतं.

मला एवढी किळस आयुष्यात कशाची आली नव्हती, दामिनी. आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. एकदाच खाल्लं. तेही माझ्या मुलीचं उष्टं. तू आठ वर्षांची होतीस.

किटली इथंच ठेवून घेतो. येत्या रविवारी गेनबाच्या टेम्पोत बसून मीच भोरला येईन. काही घेऊन येणार नाही. मला अर्धी वाटी वाढ आणि समोर बस. तुझं खाऊन होईपर्यंत मी जागचा हलणार नाही.

तुझा,
बाबा